84 मिलिमीटरची कवटी आणि ट्रायसेराटॉप्सचा न झालेला खापरपणजोबा

शिंगवाला डायनासोर म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो ट्रायसेराटॉप्स. तीन शिंगं, मानेमागे हाडाची भलीमोठी झालर, वजन कित्येक टन. आज ज्या प्राण्याबद्दल लिहितोय तो साधारण कावळ्याएवढा होता, अंदाजे दीड किलोचा, त्याच्या डोक्यावर एकही शिंग नाही, आणि तरीही तो ह्याच खानदानातला आहे. नाव अ‍ॅक्विलॉप्स अमेरिकानस. 10 डिसेंबर 2014 ला प्लॉस वन जर्नलमध्ये त्याचा पेपर आला, लेखक अँड्र्यू फार्के, डेस्मंड मॅक्सवेल, रिचर्ड सिफेली आणि मॅथ्यू वेडेल.

असा छोटा, जुना, बिनशिंगाचा भाऊबंद सापडला की लोक लगेच म्हणतात, बघा, ट्रायसेराटॉप्सचा पूर्वज मिळाला. अमेरिकेतच जुना, अमेरिकेतच नवा, मधल्या काळात शिंगं फुटली, वजन वाढलं, गोष्ट संपली. ऐकायला छान वाटतं पण ह्या प्रकरणात नेमकं उलटं निघालं आणि म्हणूनच मला हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण एका कवटीवरून किती बोलता येतं आणि कुठे थांबायचं असतं हे दोन्ही ह्यात दिसतं.

सुरुवात 1997 ची. अमेरिकेत मोंटाना राज्याच्या दक्षिण टोकाला कार्बन काउंटी आहे, तिथे क्लोव्हर्ली फॉर्मेशन नावाचे खडकांचे थर उघडे पडलेत. ओक्लाहोमाच्या म्युझियमची टीम तिथे काम करत होती, नेतृत्व सिफेलींचं, जे खरंतर डायनासोरवाले नाहीतच, त्यांचा मुख्य विषय डायनासोरच्या काळातले बारके सस्तन प्राणी. आता हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण मोठाल्या मांड्यांची हाडं शोधणारी टीम असती तर एवढीशी कवटी नजरेआड होण्याचे चान्सेस भरपूर होते, आणि ज्यांना दाण्याएवढे दात शोधायची सवय आहे त्यांना ती दिसते. टीममधल्या स्कॉट मॅडसन ह्यांना ती सापडली आणि नंतर ती खडकातून मोकळी करायचं किचकट कामही त्यांनीच केलं.

क्लोव्हर्ली म्हणजे काय साधंसुधं ठिकाण नाही बरं का. जॉन ऑस्ट्रॉम ह्यांनी 1969 मध्ये ज्याच्यावर पेपर लिहून डायनासोर हे सुस्त, थंड, मठ्ठ प्राणी होते ह्या समजाला जबर धक्का दिला तो डायनोनायकस इथलाच. टेनॉन्टोसॉरस नावाचा मोठा शाकाहारी इथे ढिगाने मिळतो, अंगभर चिलखत असलेला सॉरोपेल्टा पण इथलाच. म्हणजे इथे कोण कोण राहायचं ह्याची यादी बऱ्यापैकी तयार होती, आणि त्या यादीत शिंगवाल्यांच्या खानदानातलं कोणीही नव्हतं.

त्यामुळे कवटी हातात आल्यावर पहिला अंदाज काय लावला गेला, तर झेफिरोसॉरस. हा पण छोटा शाकाहारी, दोन पायांवर पळणारा, ह्याच क्लोव्हर्लीतला, 1980 मध्ये हान्स सूस ह्यांनी नाव दिलेला. मला हा अंदाज अजिबात चुकीचा वाटत नाही. ज्या गावात जी माणसं राहतात हे माहितीये त्यातलंच कोणीतरी दारात आलं असेल असं आधी समजायचं असतं, दरवेळी नवीन प्राणी जाहीर करत सुटलं तर विज्ञानाचा नुसता बाजार होईल. शिवाय सुरुवातीला खडकातून जेवढं दिसतं तेवढ्यावरच बोलावं लागतं, आणि दिसत काय असतं तर थोडे दात, थोडं गालाचं हाड, बाकी सगळा दगड.

मग मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक कण काढत काम चालू झालं आणि तोंडाचं पुढचं टोक मोकळं झालं, तिथे चोच निघाली, खाली वाकलेली, आणि त्या चोचीच्या वरच्या टोकाला एक वेगळं हाड. रोस्ट्रल. इथे केस फिरली.

हे रोस्ट्रल प्रकरण नीट समजून घेऊ कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. शाकाहारी डायनासोरांचा एक मोठा गट आहे, ऑर्निथिस्किया, त्यात चिलखतवाले, बदकतोंडे, शिंगवाले आणि आपला तो झेफिरोसॉरस असे सगळे येतात. ह्या सगळ्यांच्या खालच्या जबड्याच्या टोकाला एक जास्तीचं हाड असतं, प्रीडेंटरी. म्हणजे खालची चोच बघून तुम्हाला फक्त एवढंच कळतं की प्राणी ह्या मोठ्या गटातला आहे, पुढचं काही नाही. पण वरच्या जबड्याच्या टोकाला तसंच जास्तीचं हाड फक्त आणि फक्त एका शाखेत येतं, सेराटॉप्सिया, म्हणजे शिंगवाल्यांचं खानदान. दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात नाही. त्यामुळे ते हाड दिसलं की झेफिरोसॉरसचा विषयच मिटतो, कितीही लहान असो, कितीही बिनशिंगाचा असो.

आणि शिंगांचं म्हणाल तर ह्या खानदानात शिंगं फार उशिरा आली. चीनच्या शिनजियांगमधला यिनलाँग, साधारण 15.8 कोटी वर्षांपूर्वीचा, 2006 मध्ये नाव मिळालेला, त्याला शिंगं नाहीत, झालर म्हणाल तर नावापुरती, पण रोस्ट्रल आहे. त्यानंतरचा सिटॅकोसॉरस, ज्याचे पूर्व आशियात शेकड्याने सांगाडे मिळालेत, त्यालाही नाक-कपाळावर शिंग नाही, गालाची हाडं तेवढी बाजूला टोकदार निघालेली. मंगोलियाचा प्रोटोसेराटॉप्स, 1923 मध्ये नाव दिलेला, त्याला झालर आहे पण खऱ्या अर्थाने शिंगं नाहीत. म्हणजे ह्या घराण्याचा पत्ता चोच आणि गालावरून शोधायचा, आपण मात्र सगळे शिंगं बघत बसतो.

बाय द वे शिंगं बघून फसलेले लोक पण आहेत. 1887 मध्ये डेन्व्हरजवळ मिळालेल्या शिंगांच्या जोडीला ओथनील मार्श ह्यांनी चक्क बायसन ठरवून नाव देऊन टाकलं होतं, आणि ह्याच मार्श ह्यांनी 1889 मध्ये ट्रायसेराटॉप्स हे नाव दिलं, तेव्हा ती शिंगं कोणाची असावीत ते लक्षात आलं.

परत आपल्या कवटीकडे. ऑफिशियल नंबर ओएमएनएच 34557, ओक्लाहोमाच्या म्युझियमच्या कलेक्शनमध्ये. चोचीच्या टोकापासून गालाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी 84 मिलिमीटर. कवटीचा भाग आणि त्याच्यासोबतचा खालचा जबडा, एवढंच. मान नाही, पाय नाही, शेपूट नाही. दुसरा नमुना नाही. प्राणी पूर्ण वाढलेलाही नव्हता. नवीन जात म्हणून वेगळा काढला तो मुख्यतः दोन-तीन गोष्टींवर: रोस्ट्रल हाड जोरदार आकड्यासारखं वाकलेलं, त्याच्या मधोमध एक छोटा उंचवटा, आणि डोळ्याच्या पुढे कवटीत जो खड्डा असतो तो लांबट आणि टोकाला एकदम निमुळता. गरुडासारखी चोच म्हणून लॅटिन-ग्रीक मिळून नाव ठेवलं, गरुडमुखी. त्या उंचवट्याला बघून "हे शिंग सुरू होतंय" म्हणायचा मोह होतो, पण ते नाकाच्या हाडावर नाहीये, चोचीवर आहे, त्यामुळे पुढच्या काळातल्या नाकावरच्या शिंगाशी त्याचा संबंध जोडायचं काही कारण नाही.

वय: 10.4 ते 10.9 कोटी वर्षं. असे आकडे येतात ते थरांमधल्या ज्वालामुखीच्या राखेवरून, राखेत झिरकॉनसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालंय किंवा युरेनियम फुटताना स्फटिकात किती चरे पडलेत ते मोजतात. पण राखेचा थर आणि हाडाचा थर एकच असेल असं काही नसतं, वर कुठे राख, खाली कुठे राख, आणि मधे हाड, म्हणून 50 लाख वर्षांची रेंज द्यावी लागते. ह्याला लोक ढिसाळपणा समजतात, मला तर एक ठोक आकडा फेकण्यापेक्षा हे बरं वाटतं.

आता ह्या वयाचं महत्त्व काय. 2014 आधी उत्तर अमेरिकेत ह्या खानदानाचा नाव घेण्यासारखा जुना सदस्य म्हणजे न्यू मेक्सिकोचा झुनिसेराटॉप्स, जवळपास 9 कोटी वर्षांपूर्वीचा. तो 1996 मध्ये क्रिस्टोफर वुल्फ ह्या आठ वर्षांच्या मुलाला सापडला, वडील डग्लस वुल्फ पॅलिऑन्टॉलॉजिस्ट, 1998 मध्ये नाव दिलं गेलं. त्याला डोळ्यांवर दोन शिंगं होती पण नाकावर नाही. गंमत म्हणजे तिथे मिळालेलं एक हाड आधी त्याच्याच झालरीचं समजलं होतं आणि नंतर निघालं ते नॉथ्रोनायकस नावाच्या भलत्याच डायनासोरच्या कमरेचं. असो. तर झुनिसेराटॉप्सच्या मागे जायचं म्हटलं तर होते फक्त सुटे दात आणि किरकोळ हाडं, आयडाहोमधून थोडे, पूर्वेला मेरीलँडमधून एखाद-दुसरा दात. दात बघून "ह्या खानदानातलं कोणीतरी असावं" इथपर्यंत जाता येतं, पण कुठल्या शाखेचा, कोणाच्या जवळचा, हे ठरवता येत नाही. अ‍ॅक्विलॉप्सने इथे पहिल्यांदा चेहरा दिला. चेहऱ्यावर तुलना करायला शेकडो बारीक मुद्दे असतात, दातावर मोजके.

मग टीमने नेहमीची पद्धत वापरली. कवटीची एकेक लक्षणं, अमुक हाड अमुकला टेकतं का, खड्डा केवढा, दाताची कड कशी, असा मोठा तक्ता, त्यात ह्या खानदानातले बाकीचे प्राणी, आणि कॉम्प्युटर सांगतो की कमीत कमी बदल मानून वंशवृक्ष कसा बसतो. उत्तर आलं की अ‍ॅक्विलॉप्स हा निओसेराटॉप्सियाच्या, म्हणजे शिंगवाल्यांच्या खानदानातल्या ज्या मोठ्या शाखेत ट्रायसेराटॉप्सही येतो तिच्या, बुंध्याजवळचा आहे आणि त्याचे जवळचे नातेवाईक आहेत चीनमधले लियाओसेराटॉप्स आणि ऑरोरासेराटॉप्स. पहिला लियाओनिंगचा, 2002 मध्ये नाव दिलेला, दुसरा गान्सूचा, 2005 चा. झुनिसेराटॉप्स किंवा ट्रायसेराटॉप्स जवळ नाहीत.

म्हणजे बघा, मोंटानात सापडलेल्या प्राण्याचे सख्खे-चुलत चीनमध्ये, आणि त्याच मोंटानात नंतर 4 कोटी वर्षांनी राहणारा ट्रायसेराटॉप्स हा लांबचा. पूर्वज-वंशज अशी सरळ रेघ इथे बसतच नाही. बसतं ते असं: आशियातून एक टोळी अमेरिकेत आली, तिच्यातला हा अ‍ॅक्विलॉप्स, आणि जेवढा पुरावा हातात आहे त्याप्रमाणे ती शाखा पुढे काही मोठी फुलली नाही. नंतरच्या काळात दिसणारे लेप्टोसेराटॉप्सवाले (ह्याच खानदानातली एक वेगळी शाखा) आणि ट्रायसेराटॉप्सचं मूळ घराणं, ह्यांच्यासाठी आशिया-अमेरिका ये-जा वेगळी मानावी लागते. लेखकांनी सगळा हिशोब मांडून सुचवलंय की दोन खंडांमधला रस्ता क्रिटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, मधल्या काळात अधूनमधून उघडा होता, मग बराच काळ बंद, आणि अगदी शेवटी परत उघडला. इतर काही प्राण्यांच्या गटांमध्येही हाच पॅटर्न दिसतो, एकट्या ह्या कवटीवर हे सगळं टांगलेलं नाहीये.

हे मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं. एखाद्या प्रदेशात आधी कोण होतं आणि नंतर कोण आहे एवढं बघून आपण वंशावळ जोडतो, आणि वंशवृक्ष म्हणतो की अरे, ह्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, दोघंही वेगवेगळ्या वेळी बाहेरून आलेत.

आता रस्ता कुठला? पेपर म्हणतो नक्की सांगता येत नाही, पण युरोपमार्गे येण्यापेक्षा बेरिंगच्या बाजूने, म्हणजे आजचा सायबेरिया ते अलास्का, येणं जास्त शक्य वाटतं. कारण काय दिलंय, तर युरोपच्या त्या काळातल्या खडकांत ह्या खानदानाचा पुरावा नाही. इथे मी थोडा अडतो. "सापडलं नाही" ह्यावर आधारलेला युक्तिवाद हा ह्या पेपरमधला सगळ्यात कच्चा सांधा आहे असं माझं मत, कारण 1997 पर्यंत क्लोव्हर्लीबद्दलही हेच म्हणता आलं असतं की नाही बाबा, इथे ह्या खानदानातलं कोणी नाही. अर्थात लेखकांनी भाषा सांभाळून वापरलीये, सिद्ध झालं असं कुठेही म्हटलेलं नाही. युरोपमध्ये 2010 साली हंगेरीतून आय्काकेराटॉप्स नावाचा ह्याच खानदानातला प्राणी जाहीर झालाय, पण तो साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे अ‍ॅक्विलॉप्सनंतर 2 कोटी वर्षांनी. तो आधीच्या प्रवासाबद्दल काही सांगू शकत नाही.

ह्याच मुद्द्यावर आपल्याकडचं पण बोलून घेऊ, कारण लोक विचारतात की भारतात असे शिंगवाले डायनासोर का नाहीत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस मिळालाय, लांब मानेचा, पिसदुऱ्याला पण डायनासोरची हाडं मिळतात, गुजरात-मध्य प्रदेशात अंडी ढिगाने. शिंगवाला एकही नाही. त्याचं सरळ कारण असं दिसतं की तेव्हा भारत दक्षिणेकडच्या खंडांच्या गटातला, अ‍ॅक्विलॉप्सच्या काळात अजून मादागास्करला चिकटलेला, आणि हे खानदान उत्तरेकडच्या खंडांचं. दक्षिणेत एखाद्या हाडावरून दावे झालेत, ऑस्ट्रेलियात सेरेंडिपासेराटॉप्स म्हणून 2003 मध्ये पुढच्या पायाच्या एका हाडावरून नाव दिलं होतं, नंतर ते हाड चिलखतवाल्या अँकिलोसॉरचं असावं असं मत पुढे आलं. पण भारताबाबत पण तोच कच्चा सांधा आहे हे विसरू नका, आपले बहुतेक क्रिटेशस डायनासोर लमेटा थरांतले, म्हणजे अगदी शेवटच्या काळातले. त्याच्या आधीच्या 10 कोटी वर्षांपूर्वीच्या काळाचं आपलं पान जवळपास कोरंच आहे.

आता थोडं काय म्हणता येत नाही त्याबद्दल. चार पायांवर चालायचा की दोन? पाय मिळालेलेच नाहीत. ऑरोरासेराटॉप्सचे 80 पेक्षा जास्त प्राण्यांचे अवशेष मिळालेत आणि तो दोन पायांवर चालायचा असं दिसतं, म्हणून चित्रकार अ‍ॅक्विलॉप्सलाही दोन पायांवर उभा करतात, ठीक आहे, पण ते नातेवाईकावरून काढलेलं अनुमान आहे. वजन तसंच. पूर्ण वाढल्यावर केवढा व्हायचा, तेही तसंच.

पिल्लू किंवा अर्धवट वाढलेला प्राणी असण्याचा अजून एक त्रास असतो जो बातम्यांत कधी येत नाही. लहान वयात कवटीवरची बरीचशी प्रगत लक्षणं उमटलेलीच नसतात, झालर आखूड, गालाची टोकं कमी, डोळे मोठे, त्यामुळे तक्त्यात टाकलं की कॉम्प्युटर त्याला झाडाच्या बुंध्याकडे ढकलतो, असतो त्यापेक्षा जास्त आदिम दाखवतो. म्हणून वाकलेली चोच आणि निमुळता खड्डा ह्या दोन गोष्टी वयाने होतात का जातीमुळे, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते नवीन नाव टिकेल, कारण चीनमधल्या जवळच्या नातेवाईकांत ह्या आकाराची चोच दिसत नाही, पण झाडातली नेमकी फांदी एखादी इकडेतिकडे सरकली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र ह्या टीमची मला मनापासून आवडली. पेपर फुकट वाचायला खुला, आणि कवटीचं थ्रीडी स्कॅनही लोकांना उपलब्ध केलं, म्हणजे कुठल्याही शहरातला विद्यार्थी थ्रीडी प्रिंटरवर तीच 84 मिलिमीटरची कवटी छापून हातात घेऊ शकतो. ज्या जातीचा जगात एकच नमुना आहे तिच्याबाबत हे नुसतं छान नाही, गरजेचं आहे, कारण कोणाला चोचीबद्दल शंका असेल तर त्याने ओक्लाहोमाचं तिकीट काढायची वाट का बघायची.

सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत 17 वर्षं गेली. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण ह्या क्षेत्रात हे नॉर्मल आहे, आणि मधल्या काळात लियाओसेराटॉप्स, ऑरोरासेराटॉप्स, यिनलाँग हे सगळे जाहीर झाले. हीच कवटी 1998 मध्ये छापली असती तर तुलनेला हे तिघंही नव्हते, कदाचित तिला घाईघाईत झुनिसेराटॉप्सचा आजोबा करून टाकलं असतं.

पुढे निकाल कशाने बदलेल? एक म्हणजे क्लोव्हर्लीतून पूर्ण वाढलेला दुसरा नमुना, निदान पाय आणि मागची झालर तरी. दुसरं म्हणजे अलास्का. तिथे उत्तरेला नानुशुक नावाचे साधारण ह्याच सुमारापासूनचे थर आहेत, डायनासोरच्या पाऊलखुणा मिळाल्यात. तिथून जर कधी रोस्ट्रल हाड असलेली चोच निघाली, आणि तक्त्यात ती गान्सू आणि मोंटानाच्या मधे बसली, तर बेरिंगचा मुद्दा "जास्त शक्य वाटतं" वरून बराच पुढे सरकेल. आणि युरोपातल्या 11-12 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून निघाली तर मात्र रस्त्याचा नकाशा परत पहिल्यापासून काढावा लागेल.